३६ पिंपं आणि हजारो शिंगं : बोस्टनच्या वेढ्यातला दारूचा हिशोब

तारीख ३ ऑगस्ट १७७५, ठिकाण केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स, म्हणजे बोस्टनच्या अगदी दारात. अमेरिकन वसाहतींचं ब्रिटनविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध नुकतंच पेटलंय आणि जॉर्ज वॉशिंग्टनने वसाहतींच्या सैन्याची सूत्रं हातात घेऊन जेमतेम महिना झालाय. ब्रिटिश फौज बोस्टन शहरात अडकलेली, आणि बाहेर अर्धगोलात वेढा घालून बसलेत शेतकरी, सुतार, लोहार, मच्छीमार, सगळे मिळून चौदा ते सोळा हजार माणसं, बहुतेकांकडे घरून आणलेली बंदूक आणि कितीतरी जणांच्या खांद्यावरून पट्ट्याने लटकणारं बैलाचं शिंग, त्यात बंदुकीची दारू. त्या दिवशी बैठकीत साठ्याचा आकडा नीट तपासला गेला आणि कळलं की मॅसॅच्युसेट्सच्या कोठारात तीनशेच्या वर पिंपं आहेत असं जे धरून चाललो होतो ते साफ चूक, प्रत्यक्षात आहेत ३६. बाकीच्या वसाहतींनी आणलेली दारू मिळवली तरी माणशी नऊ बार उडतील एवढीच, बस्स. जनरल जॉन सलिव्हनने पत्रात लिहून ठेवलंय की हे कळल्यावर वॉशिंग्टन अर्धा तास एक शब्द बोलला नाही.

मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो आणि जुन्या हत्यारांचा नाद आहे, त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वॉशिंग्टनच्या अर्ध्या तासापेक्षा त्या आकड्यात जास्त इंटरेस्ट वाटला. पावणेतीनशे पिंपं गेली कुठे? चोरी नाही, आग नाही, शत्रूने उचलली असंही नाही. उत्तर एकदम कारकुनी आहे. पुरवठा समितीने नवीन सेनापतीला जो आकडा दिला तो होता आत्तापर्यंत गोळा झालेल्या सगळ्या दारूचा, म्हणजे जमेची बाजू. त्यातून खर्च किती झाला, जूनमध्ये बोस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईत किती उडाली, शिपायांना किती वाटली, हे वजा केलेलंच नव्हतं. समितीतली माणसं बदमाश नव्हती, पण साठ्याचं काम त्यांनी कधी केलेलं नव्हतं आणि लढाई सुरू होऊन साडेतीनच महिने झाले होते. जमा सांगितली, शिल्लक विचारली होती. असं अजूनही दर मार्च एंडला कुठे ना कुठे होतंच.

पण फक्त कारकुनाच्या डोक्यावर खापर फोडून हे प्रकरण संपत नाही. दारू एकदा पिंपातून निघून शिपायाच्या शिंगात गेली की तिचं पुढे काय होतं हे कोणालाच कळायचा मार्ग नव्हता, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. त्यासाठी आधी ते शिंग नीट बघायला हवं.

बैलाचं किंवा गाईचं शिंग म्हणजे आतमध्ये हाडाचा गाभा आणि त्यावर केराटिनचं कवच, आपल्या नखांचंच मटेरियल. शिंग कापून पाण्यात उकळलं किंवा भिजत ठेवून सडू दिलं की गाभा सैल होऊन निघतो, त्याचा वास काय असेल ते विचारू नका. उरतं ते पोकळ, वाकडं, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळतं होत गेलेलं नळकांडं. कवच परत गरम केलं की मऊ पडतं, मग रुंद तोंड गोल आकारावर बसवून घ्यायचं, त्यात पाइनसारख्या लाकडाची गोल चकती ठोकून बसवायची, लाकडाच्या खुंट्या नाहीतर पितळी चुका मारायच्या आणि फट राहिली तर मधमाशीच्या मेणाने बुजवायची. निमुळत्या टोकाला भोक पाडायचं, त्यात लाकडी बूच. टोकाजवळ एक खाच, दोरी अडकायला. बाहेरून काचेच्या किंवा सुरीच्या धारेने खरवडून खरवडून कवच इतकं पातळ करायचं की उजेडात धरलं तर आत दारू कुठवर आहे ते सावलीसारखं दिसतं. डाव्या शिंगाचा बाक वेगळा आणि उजव्याचा वेगळा, तेव्हा चांगला कारागीर कमरेच्या कुठल्या बाजूला लटकवायचंय ते बघून शिंग निवडायचा, म्हणजे ते अंगाला बिलगून बसतं, धावताना आपटत नाही.

या कामासाठी याच्याहून बरी वस्तू तेव्हाच्या माणसाला शोधूनही मिळाली नसती. लोखंड नाही म्हणून ठिणगी नाही. पाणी आत शिरत नाही, आणि बंदुकीच्या दारूला ओल म्हणजे मरणच, कारण तिच्यातला कोळसा आणि कमी शुद्ध सोरा दोन्ही हवेतला दमटपणा ओढून घेतात. वजन काही नाही, पडलं तर फुटत नाही, वरून निसर्गाने नरसाळं आयतंच करून दिलेलं. आणि फुकट, कारण प्रत्येक गावात जनावर कापलं जायचंच. आपल्याकडेही काळविटाचं शिंग, हस्तिदंत, मोठे शंख-शिंपले यांचे बारूददान मुघल काळापासून बनत होतेच आणि ते दिसायला या अमेरिकन शिंगांपेक्षा कितीतरी देखणे, पण ते बरेचसे सरदार-शिकारी लोकांचे शौक. मॅसॅच्युसेट्समधलं शिंग म्हणजे गावठी वस्तू, प्रत्येक घरात एखादं तरी.

घरात असायचं त्याला कारण पण होतं. तिथे मिलिशिया नावाची पद्धत होती, म्हणजे गावातल्या धडधाकट पुरुषांनी वेळ पडली तर स्वतःच्या हत्यारानिशी हजर व्हायचं. मॅसॅच्युसेट्सच्या १६९३ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं की प्रत्येकाने एक पौंड चांगली दारू, आपल्या बंदुकीच्या मापाच्या २० गोळ्या आणि १२ चकमकीचे दगड घरी बाळगायचे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. शिंगात त्यातली अर्धी-पाऊण मावते, मोठं असेल तर सगळी. थोडक्यात इथला शिपाई आपलं कोठार आपल्या अंगावर घेऊन यायचा आणि ते कोठार त्याच्या मालकीचं असायचं, सरकारचं नाही. एखाद्या गावावर हल्ला झाला, दोन दिवस झाडाआडून बार काढले आणि घरी परत, अशा लढाईला ही पद्धत एकदम फिट. महिनोन्महिने वेढा घालून बसायचं असेल तर मात्र वेगळी गोष्ट.

आता टंचाई मुळात का होती ते पटकन सांगतो कारण ते शिंगामुळे नव्हतं. १ सप्टेंबर १७७४ ला बोस्टनमधला ब्रिटिश सेनापती जनरल गेज याने पहाटे शिपाई पाठवून आजच्या सॉमरव्हिलमधल्या दगडी दारूकोठारातून २५० अर्धी पिंपं उचलून नेली (ते कोठार अजून उभं आहे, गोल बुरुजासारखं). मग ऑक्टोबरमध्ये राजाने अमेरिकेला दारू आणि शस्त्रं निर्यात करायलाच बंदी घातली. डिसेंबरमध्ये न्यू हॅम्पशायरच्या लोकांनी फोर्ट विल्यम अँड मेरीवर चाल करून शंभराच्या आसपास पिंपं पळवली, ही त्यांची मोठी कमाई. दारू बनवायच्या गिरण्या वसाहतींमध्ये जवळजवळ नव्हत्याच आणि ज्या होत्या त्यांना सोरा कुठून मिळणार, कारण दारूत वजनाने पाऊण हिस्सा सोराच असतो, बाकी कोळसा नि गंधक. जगातला उत्तम सोरा तेव्हा यायचा बिहारमधून, पाटण्याच्या बाजूने, आणि प्लासीनंतर तो सगळा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत गेला होता. म्हणजे बोस्टनमधल्या ब्रिटिश शिपायाच्या काडतुसात बिहारची माती असणं अगदी शक्य, आणि समोरच्या शेतकऱ्याला तोच माल बंद. गंमत बघा, त्याच कंपनीची फौज त्याच उन्हाळ्यात राघोबादादांना घेऊन गुजरातेत उतरली होती, १८ मे १७७५ ला अडासला हरिपंत फडक्यांच्या फौजेशी तिची लढाई झाली आणि महिन्याच्या आत, १७ जूनला, तिकडे बंकर हिल.

बंकर हिलच्या सकाळचं एक वर्णन मला फार आवडतं. हेन्री डियरबॉर्न तेव्हा न्यू हॅम्पशायरच्या जॉन स्टार्कच्या रेजिमेंटमध्ये कॅप्टन होता, त्याने ते पुढे १८१८ मध्ये छापलं. रेजिमेंटकडे दारू नव्हतीच. हुकूम आला तसे सगळे एका घरासमोर रांगेत उभे राहिले, ते घर म्हणजे तात्पुरतं शस्त्रागार. तिथे प्रत्येकाला मिळालं : एक गिल कप भरून दारू, १५ गोळ्या आणि चकमकीचा एक दगड. मग मुक्कामी जाऊन घाईघाईने काडतुसं वळायची. पण एका कंपनीत दोन बंदुका सारख्या मापाच्या सापडायची मारामार, म्हणून मिळालेल्या गोळ्या ठोकून-घासून बारीक करत बसावं लागलं, आणि काडतुसं ठेवायची पेटी फार थोड्यांकडे, बाकीच्यांनी आपलं शिंग आणि गोळ्यांची पिशवी हेच वापरलं.

गिल कप म्हणजे साधारण ११८ मिली. त्यात दारू बसते ११० ग्रॅमच्या आसपास. १५ ने भागा, एका बाराला सात ग्रॅम आणि वर थोडी. चकमकीच्या मस्केटला, म्हणजे तेव्हाच्या शिपायाच्या आटे नसलेल्या लांब बंदुकीला, हे बरोब्बर पुरतं, तेव्हा कपाने माप टाकणारा जो कोणी होता त्याला आपलं काम कळत होतं. अर्ध्या पौंडाचं शिंग पूर्ण भरलं असतं तर तीस बार निघाले असते, म्हणजे ही माणसं लढाईला निघाली ती अर्ध्या शिंगानिशी. आणि तीन ऑगस्टच्या माणशी नऊ बारांचं माप काढलं तर सत्तरेक मिली, शिंग उभं धरलं तर जेमतेम टोकातला अरुंद भाग भरतो.

त्या दिवशी टेकडीवर काय झालं ते सगळ्यांना माहितीय. ब्रिटिशांचे दोन हल्ले परतवले, तिसऱ्याला दारू संपली. मधल्या वेळात टेकडीवरच्या अमेरिकन कर्नल प्रेस्कॉटने तोफेची उरलीसुरली काडतुसं फाडून आतली दारू माणसांना वाटली, ती ओंजळीत घेऊन शिंगात सारायची. ब्रिटिशांचे मेले-जखमी मिळून हजाराच्या वर गेले पण टेकडी त्यांनी घेतली. आणि इथेच हिशोबाला पहिलं भोक पडलं. कोणाची सगळी उडाली, कोणाच्या शिंगात चार बार उरले, कोण पळताना शिंग टाकून आला, कोण मेला आणि त्याचं शिंग मित्राने उचललं, याची नोंद कोण ठेवणार?

शिंगातून बंदूक भरताना नेमकं काय करतात हे बघितलं की गळती अजून कळते. कोकणात ज्यांच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. शिंगाचं बूच दाताने काढायचं, हाडाच्या किंवा सांबरशिंगाच्या छोट्या मापात दारू ओतायची, माप नळीत रिकामं करायचं. थेट शिंग नळीला लावायचं नाही, कारण आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असेल तर पाव किलो दारू हातात फुटते. मग गोळी, वर कागद किंवा चिंधी, गजाने ठासणं. मग कानापाशी जी छोटी वाटी असते तिच्यात चिमूटभर रंजक, म्हणजे बार पेटवायची दारू, झाकण बंद, घोडा मागे ओढून चाप. आता हे शांतपणे मचाणावर बसून करणं वेगळं आणि समोरून लाल कोटांची रांग चालत येत असताना, हात थरथरत असताना करणं वेगळं. वारा असतो, घाम असतो. माप कधी शिगोशीग भरतं कधी अर्धं, चार दाणे बाहेर सांडतात, आणि घाबरलेला माणूस नेहमी जास्तच ओततो. एकाच्या हातून सांडलं तर चिमूटभर, पण हजारो माणसं आणि प्रत्येकी दहा-पंधरा बार.

याउलट समोरचा ब्रिटिश शिपाई. त्याच्याकडे कागदी काडतूस, त्यात मोजलेली दारू आणि गोळी दोन्ही. दाताने फाडायचं, थोडी दारू वाटीत, बाकीची नळीत, कागदासकट गोळी आत, ठासलं, झालं. सराव असेल तर मिनिटाला तीन बार. शिंगवाल्याचं एक-दीडच्या वर जात नाही. पण वेगापेक्षाही मला स्टोअरवाला म्हणून जे दिसतं ते हे की काडतूस मोजता येतं. सकाळी सार्जंटने पेटी उघडली, चोवीस होती, एकवीस आहेत, बाकी तीन कुठे? विषय संपला. शिंगाचं काय मोजणार? उजेडात धरून बघायचं आणि म्हणायचं हां, आहे अजून थोडी. पुन्हा शिंग त्याचं स्वतःचं, त्यातली निम्मी दारू त्याने घरून आणलेली, निम्मी सरकारची, दोन्ही एकात एक मिसळलेल्या, कुठली कुठली सांगणार.

एक उदाहरणादाखल गणित करून बघू. समजा चौदा हजार माणसांच्या शिंगांत सरासरी फक्त पन्नास ग्रॅम पडून आहे. सातशे किलो झाले. शंभर पौंडी पिंपाच्या हिशोबाने पंधरा पिंपं. ज्या कोठारात ३६ च आहेत तिथे पंधरा पिंपं अशी आहेत की जी कुठल्याच वहीत नीट बसत नाहीत, वाटप म्हणून धरली तर खर्ची पडली, आणि प्रत्यक्षात आहेत, पण कोणाकडे किती ते देवाला माहीत. आणि ती सेनापतीच्या हुकमाने एका जागी आणता येत नाहीत, कारण दुसऱ्याच्या शिंगातली दारू काढून घ्यायला गेलं तर तो उद्या उठून घरी जाईल. या सैन्यातले बहुतेक जण वर्षअखेरपर्यंतच्याच करारावर होते. ३१ डिसेंबरला खरंच हजारो घरी गेले, बंदुका ठेवून जा, किंमत देतो असं सांगून त्या अडवून ठेवायची वेळ आली होती.

वॉशिंग्टनने मग काय केलं? एक तर तोंड बंद ठेवलं. ही बातमी शहरात गेली असती तर ब्रिटिशांनी दुसऱ्या दिवशी बाहेर पडून सगळं संपवलं असतं, म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळालासुद्धा पूर्ण आकडा सांगितला नाही, आणि उलट आपल्याकडे १,८०० पिंपं आहेत अशी आवई बोस्टनमध्ये सोडून दिली असं म्हणतात. ४ ऑगस्टच्या जनरल ऑर्डरमध्ये छावणीत उगीच बंदुका उडवण्यावर तो जाम भडकलेला दिसतो, वारंवार मनाई करूनही हे रोज, तासातासाला चालू आहे याची मला शरम वाटते अशा अर्थाची वाक्यं आहेत. मला ती ऑर्डर या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद वाटते. तरुण पोरं, कंटाळा, हातात बंदूक, अंगावर स्वतःचं शिंग, त्यातली दारू आपलीच आहे ही भावना, मग बदकं उडवली, झाडावर नेम धरला, किंवा नुसतं बंदूक साफ करायची म्हणून भरलेला बार हवेत काढला. काडतूस दिलं असतं तर जाब विचारता आला असता. इथे कोणाला विचारणार?

त्याच दिवशी ऱ्होड आयलंडचा डेप्युटी गव्हर्नर निकोलस कुक याला पत्र, की दारू कितीही थोडी असो, दुर्लक्ष करण्याइतकी थोडी नाही, आणि बर्म्युडाला एका आडबाजूच्या कोठारात बराच साठा आहे असं ऐकलंय, जहाज पाठवता येईल का. तिकडचा प्रकार मजेशीर आहे, वॉशिंग्टनचं जहाज पोचायच्या आधीच १४ ऑगस्टच्या रात्री बर्म्युडातल्याच काही लोकांनी आतून मदत करून ते कोठार रिकामं केलं, शंभराच्या आसपास पिंपं समुद्रकिनाऱ्यापर्यंत गुपचूप नेऊन होड्यांत भरली, आणि वॉशिंग्टन सप्टेंबरमध्ये बर्म्युडावासीयांना विनवणीचं पत्र लिहीत बसला होता. ती दारू बोस्टनला आली नाही, फिलाडेल्फिया आणि चार्ल्सटनकडे गेली. नोव्हेंबरअखेर वॉशिंग्टनच्या बाजूच्या कॅप्टन मॅनलीने नॅन्सी नावाचं ब्रिटिश जहाज पकडलं, त्यात दोन हजार मस्केटा, एक लाख चकमकीचे दगड, एक अवाढव्य मॉर्टर म्हणजे उखळी तोफ, आणि दारू? एक पौंड नाही. त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्सने बोस्टनचा चांदीकाम करणारा कारागीर पॉल रिव्हिअर याला फिलाडेल्फियाजवळची दारूची गिरणी बघायला धाडलं, की बाबा बघून ये आणि इकडे एक बांध. फेब्रुवारी १७७६ मध्ये तर बेंजामिन फ्रँकलिनने जनरल चार्ल्स लीला गंभीरपणे लिहिलं की धनुष्यबाण वापरायला काय हरकत आहे, आणि त्याची कारणं पण दिली. हसू येतं, पण परिस्थिती तशी होती.

आता एक गोष्ट जी शिंगाच्या बाजूची आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन टंचाईत, व्हर्जिनियाहून डॅनियल मॉर्गनची रायफलवाली कंपनी सहाशे मैल तीन आठवड्यांत चालून केंब्रिजला पोचली, पेनसिल्व्हेनिया-मेरीलंडवाले पण आले. जंगलातली माणसं. यांची बंदूक वेगळी, नळीच्या आत आटे पाडलेले, गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून घट्ट ठासायची, भरायला वेळ लागतो पण नेम मस्केटच्या दुप्पट-तिप्पट अंतरावर. या बंदुकीला प्रत्येक नळीगणिक दारूचं माप वेगळं लागतं आणि ते मालकाने अनुभवाने ठरवलेलं असतं, त्यामुळे कोठारात बनवलेलं सरसकट काडतूस हिच्या काही कामाचं नाही. इथे शिंग आणि हाडाचं माप हेच योग्य साधन. तेव्हा शिंग जुनाट होतं आणि काडतूस आधुनिक, म्हणून एक हरलं, असा सरळ हिशोब कोणी मांडला तर मला तो पटत नाही. हां, या मंडळींनी आल्या आल्या लांबूनच ब्रिटिश पहारेकऱ्यांवर नेम धरायचा खेळ सुरू केला आणि त्यातही दारू गेली, शिस्तीच्या नावाने बोंब, सप्टेंबरात तर प्रॉस्पेक्ट हिलवर बंडाळीच केली, ते वेगळं.

वेढ्यातल्या रिकाम्या वेळाचा एक फायदा मात्र आपल्याला झाला. शिपायांनी शिंगांवर कोरीवकाम केलं. स्वतःचं नाव, गाव, छावणीचं नाव, १७७५ हे साल, बोस्टन शहराचा नकाशा, बंदरातली ब्रिटिश जहाजं, किल्ले, झाडं, मासे, कधी चार ओळींची कविता. सुईच्या किंवा चाकूच्या टोकाने रेघा ओढायच्या आणि त्यात काजळी चोळायची. फ्रेंचांविरुद्धच्या आधीच्या युद्धातली, लेक जॉर्जच्या बाजूची अशी बरीच शिंगं आहेत आणि त्यांवरचे नकाशे अभ्यासक अजून वापरतात. रूफस ग्रायडर नावाच्या चित्रकला शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घरोघर फिरून अशा शेकडो शिंगांची रंगीत चित्रं काढून ठेवली, ती न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. बाजारात आज नकली पण भरपूर, जुन्या कोऱ्या शिंगावर नवीन कोरलेलं. ओरिजिनल असेल तर त्यावर हाताच्या घासण्याने रेघांच्या कडा बोथट झालेल्या असतात, जिथे अंगाला लागायचं ती बाजू जास्त गुळगुळीत. आणि जुन्या शिंगाला भुंगेऱ्याच्या अळ्या खातात, लोकरीला लागणारीच कीड, त्यामुळे कपाटात पडून राहिलेल्या शिंगाला बारीक खड्डे दिसतात, ते दिसले तर लगेच नकली म्हणून फेकू नका.

वेढ्याचा शेवट दारूने झाला नाही, तोफांनी झाला, नाहीतर तोफांच्या धाकाने म्हणा. वॉशिंग्टनचा तोफखान्याचा अधिकारी हेन्री नॉक्स याने हिवाळ्यात बर्फावरून टायकोंडेरोगाच्या किल्ल्यातून एकोणसाठ तोफा ओढत आणल्या, मार्च १७७६ मध्ये एका रात्रीत त्यातल्या काही डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर चढल्या, आणि १७ मार्चला ब्रिटिश जहाजांत बसून निघून गेले. तोवर थोडी थोडी दारू बाहेरून येत गेली होती. पुढे १७७७ च्या अखेरपर्यंत अमेरिकनांनी जी दारू वापरली तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त परदेशातून आली, तयार दारू म्हणून नाहीतर सोरा म्हणून, त्यात फ्रान्सचा वाटा मोठा. फ्रान्सला बंगाल-बिहारचा सोरा हातचा गेल्यामुळे १७७५ मध्येच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला दारूखात्यावर बसवून घरचं उत्पादन सुधारावं लागलं होतं, आणि त्याचा फायदा अमेरिकेने उचलला. म्हणजे प्लासीचं एक टोक असं फिरून इथे येतं.

सैन्याने हळूहळू शिंग सोडून काडतुसाची पेटी धरली. पण पेटीचीही परीक्षा व्हायची होती. १६ सप्टेंबर १७७७, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला दोन्ही सैन्यं समोरासमोर आली आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. घाईत बनवलेल्या पेट्यांचं चामडं खराब, झाकणं आखूड, पाणी थेट आत. त्याच नॉक्सने लिहिलंय की माणसांना वाटलेली जवळजवळ सगळी काडतुसं भिजून वाया गेली, आकडा चार लाखांच्या आसपास. लढाई झालीच नाही, मागे हटावं लागलं. मेणाने बंद केलेलं, घट्ट बुचाचं शिंग त्या पावसात कोरडं राहिलं असतं, याबद्दल मला तरी शंका नाही. पण बघा, नॉक्सला चार लाख हा आकडा सांगता आला. किती गेलं ते मोजता आलं म्हणून किती मागायचं तेही कळलं. १७७५ च्या ऑगस्टमध्ये नेमकं हेच जमत नव्हतं.

माझ्या दृष्टीने पुरवठा समितीच्या चुकीपेक्षा मोठी चूक ही की एप्रिल ते जुलै शिपायांना दारू वाटताना तिची साधी वाटपवहीसुद्धा नीट ठेवली गेली नाही. कपाने द्यायची तर देताना कप मोजता आले असते. नाव, कंपनी, एक गिल, सही किंवा अंगठा. शिंगात गेल्यावर हिशोब हरवणार हे माहीतच होतं, मग ती जायच्या आधी शेवटची जागा जिथे मोजता येत होतं ती हीच, पिंपाच्या तोंडाशी.

युद्ध संपल्यावर अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ८ मे १७९२ ला मिलिशियाचा देशभराचा कायदा केला त्यात हा वाद कागदावर मिटवून टाकलाय. मस्केट बाळगणाऱ्याने पेटी ठेवायची, तिच्यात निदान २४ काडतुसं बसली पाहिजेत. आणि रायफलवाल्याने ठेवायची गोळ्यांची पिशवी, दारूचं शिंग, आपल्या नळीच्या मापाच्या २० गोळ्या आणि पाव पौंड दारू.